टाचेतला थेंब: सिकलसेलच्या तपासणीचा इतिहास



या मालिकेत आपण बहुतेक वेळा मोहिमा, किल्ले, पलटणी आणि तह यांवर बोलतो. आजचा विषय आरोग्याच्या इतिहासातला आहे: गरोदरपणात आईची आणि जन्मल्यावर बाळाची होणारी रक्ततपासणी. "साहेब, तुमचा आणि बाळंतपणाचा काय संबंध?" असं काही जण विचारतीलच. संबंध दोन आहेत. पहिला म्हणजे, या इतिहासात सैनिक आणि सैन्यातले डॉक्टर वाटेत पुन्हा पुन्हा भेटतात. दुसरा जरा खोलवरचा आहे. टेहळणीला गेलेली तुकडी पक्की बातमी घेऊन आली, पण मागे राखीव दल तयारच नसेल, तर त्या बातमीचा उपयोग काय? सैन्यात हा धडा पहिल्या वर्षी शिकवतात. आरोग्यसेवेला तो शिकायला किती वर्षं लागली, त्याची ही गोष्ट आहे.

तपासण्या बऱ्याच आहेत. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, रक्तगट, सोनोग्राफी. त्या सगळ्यांवर एका भागात बोलायला गेलो तर हाती काहीच लागणार नाही. म्हणून एकच आजार घेतो: सिकलसेल. त्यासाठी दोन सनं लक्षात ठेवा. १९५२ साली हा आजार भारतात आहे हे जगाला कळलं. २०२३ साली त्याच्यासाठी देशव्यापी मोहीम सुरू झाली. मधे ७१ वर्षं गेली. त्या ७१ वर्षांत काय झालं आणि काय झालं नाही, ते पाहू.

आजार नेमका काय?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचिक असतात, म्हणून केसाहून बारीक वाहिन्यांतूनही त्या सरकत जातात. त्यांच्यात हिमोग्लोबिन असतं आणि ते प्राणवायू वाहून नेतं. सिकलसेलमध्ये या हिमोग्लोबिनच्या घडणीत एक अगदी छोटा बदल असतो. प्राणवायू कमी झाला की ते आतल्या आत कडक होतं आणि पेशी वाकून विळ्यासारखी होते. सिकल म्हणजे विळाच. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे जीवघेणी कळ येते, कधी हातापायात, कधी छातीत, कधी पोटात. शिवाय साधी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांत संपते. म्हणून अंगात रक्त टिकत नाही आणि डोळे पिवळे दिसतात.

हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी होतं. त्याला एसएस म्हणतात. एकाकडूनच आला तर माणूस फक्त वाहक असतो, एएस. वाहक धडधाकट असतो. शेती करतो, खेळतो, फौजेत भरती होतो, आणि आपण वाहक आहोत हे त्याला आयुष्यभर कळतही नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा आहे. पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. दर वेळी चिठ्ठी नव्यानं उचलावी लागते.

या आजाराची एक फसवी गोष्ट आहे आणि आजचा सगळा इतिहास तिच्याभोवती फिरतो. जन्मलेल्या बाळाच्या रक्तात पोटातलं, म्हणजे गर्भावस्थेतलं, वेगळं हिमोग्लोबिन भरपूर असतं. ते बाळाला पहिले काही महिने सांभाळतं. त्यामुळे एसएस असलेलं बाळ जन्मतः गुटगुटीत दिसतं. आजी दृष्ट काढते, पेढे वाटले जातात. चार-सहा महिन्यांनी ते कवच उतरायला लागतं आणि मग अचानक ताप येतो, हातापायाची बोटं सुजतात, बाळ पांढरंफटक पडतं. काही बाळं तर निदान होण्याआधीच, साध्या वाटणाऱ्या तापात एका दिवसात जातात. घरचे म्हणतात, "बाळाला काहीतरी झालं होतं." ते काहीतरी म्हणजे काय, हे कोणाला कळतच नाही. लक्षणं दिसल्यावर शोधू म्हटलं तर अशा बाळांच्या बाबतीत उशीर झालेला असतो.

शिकागो ते निलगिरी

१९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरनं एका तरुण रुग्णाची हकिकत छापली. हा तरुण वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला होता. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. विज्ञानाच्या नोंदीत या आजाराचा जन्म तिथे झाला. आफ्रिकेत आणि आपल्याकडे माणसं त्यानं शतकानुशतकं मरतच होती, ती गोष्ट वेगळी.

१९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखादा आजार रेणूपर्यंत नेऊन भिडवण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी जे. बी. एस. हाल्डेन यानं एक तर्क मांडला. हा मूळचा इंग्लंडचा, पहिल्या महायुद्धात ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी, पुढे भारतात येऊन स्थायिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. तर्क असा की भूमध्य समुद्राकाठी आढळणारा थॅलेसेमिया हा रक्तदोष टिकून राहिला, कारण त्याच्या वाहकांना मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत असावं. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसननं पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून सिकलसेलच्या बाबतीत नेमकं हेच दाखवलं. जिथे मलेरियाचं जंगल, तिथे हा वाहक जास्त. आता आपल्या देशाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. निलगिरी, बस्तर, गडचिरोली, मेळघाट, सातपुडा, डांग, ओडिशाचा पश्चिम भाग. सिकलसेलचा पट्टा हा बराचसा जुन्या मलेरियाचाच पट्टा आहे.

आता १९५२. हर्मन लेहमान हा जर्मनीत जन्मलेला ज्यू डॉक्टर नाझी राजवटीमुळे इंग्लंडला आला होता. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात होता. त्यानं आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींच्या रक्तात सिकलसेल आढळल्याचं प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांत मजुरीला गेलेल्या कुटुंबांतही तो सापडला. ही कुटुंबं मूळची मध्य आणि पूर्व भारतातली. १९५८ साली नागपूरहून शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे सहा वर्षांत दक्षिण, पूर्व आणि मध्य, तिन्ही दिशांनी बातमी आली होती.

पण बातमी कशासाठी गोळा केली होती, ते पाहा. लेहमानला पडलेला प्रश्न मुख्यतः मानववंशाचा होता. हे लोक कुठून आले, आफ्रिकेशी, अरबस्तानाशी त्यांचं जुनं नातं आहे का? प्रश्न चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. फक्त पाड्यावरच्या आईचा प्रश्न वेगळा होता: माझं मूल का सुकतंय आणि ते जगेल का? पुढची कित्येक वर्षं आपल्याकडे मोजणी होत राहिली. या जमातीत इतके टक्के, त्या जमातीत तितके टक्के. नकाशा भरत गेला. मात्र बाळंतपणाच्या खोलीत ही तपासणी पोचली नाही.

कागदावरचं रक्त

खरं तर तपासणी पोचवायची युक्ती १९६० च्या दशकातच सापडली होती, तीही दुसऱ्याच आजारासाठी. अमेरिकेतल्या बफेलो शहरात रॉबर्ट गथ्री नावाचा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होता. त्याचा एक मुलगा मतिमंद होता आणि त्याच्या भाचीला फिनाइलकिटोन्युरिया हा आजार निघाला. या आजारात अन्नातला एक घटक शरीराला पचवता येत नाही आणि मेंदूचं नुकसान होतं. जन्मल्याबरोबर कळलं आणि खास आहार दिला, तर मूल सर्वसाधारण वाढतं. भाचीचं निदान मात्र वर्ष उलटून गेल्यावर झालं.

गथ्रीनं तपासणी तर शोधलीच, पण त्याची मोठी देणगी म्हणजे कागद. बाळाच्या टाचेला बारीक टोचायचं, रक्ताचे थेंब जाड टिपकागदावर घ्यायचे, वाळवायचे आणि पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायचे. शीतपेटी नको, बाटली नको, जवळ मोठं इस्पितळ नको. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्यानं ही तपासणी प्रत्येक बाळाला सक्तीची केली. रसदीचं काम केलेल्या कोणालाही विचारा. लढाई बंदुकीइतकीच पुरवठ्यावर जिंकली जाते. गथ्रीचा कागद हा पुरवठ्याचा विजय होता.

मग या कागदावर सिकलसेल का नाही तपासला? कारण कळून करायचं काय, याचं उत्तर तेव्हा नव्हतं. ते उत्तर दोन ठिकाणांहून आलं.

पहिलं ठिकाण जमैका, एक गरीब बेट. तिथे ग्रॅहम सर्जंट या डॉक्टरच्या चमूनं १९७३ ते १९८१ या काळात किंग्स्टनच्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या १,००,००० बाळांची तपासणी केली. त्यांतली तीनशेहून अधिक एसएस निघाली. त्या मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवल्यावर समजलं की लहानग्यांचा एक मोठा घातक म्हणजे प्लीहा, आपल्या बोलीत पाणथरी. ती अचानक रक्तानं फुगते, अंगातलं रक्त तिथेच अडकून पडतं आणि मूल काही तासांत जातं. यावर त्यांनी काय केलं? आयांना बाळाचं पोट चाचपायला शिकवलं. डाव्या बरगडीखाली बोटं ठेवायची, पाणथरी हाताला लागते का पाहायचं, आणि एकदम मोठी लागली तर इस्पितळ गाठायचं. यंत्र नाही, महाग औषध नाही. अशा प्रसंगांत आधी दर शंभरामागे सुमारे २९ मृत्यू होत, ते सुमारे ३ वर आले. आई हीच पहाऱ्यावरची सेंट्री झाली. पण सेंट्रीला कुठे पाहायचं हे कळायला तिच्या बाळाला हा आजार आहे हे आधी माहीत हवं, आणि ते टाचेच्या थेंबातूनच कळतं.

दुसरं ठिकाण अमेरिका. तिथे २१५ लहान मुलांवर एक चाचणी झाली. निम्म्यांना रोज पेनिसिलिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गटातल्या ११० मुलांपैकी १३ जणांना रक्तातला गंभीर जंतुसंसर्ग झाला आणि तिघं दगावली. पेनिसिलिन घेणाऱ्या १०५ मुलांत संसर्ग दोघांनाच झाला, मृत्यू एकही नाही. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधीच थांबवली. हे १९८६ साली छापून आलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या परिषदेनं शिफारस केली की प्रत्येक नवजात बाळाची सिकलसेल तपासणी व्हावी. जुनं, स्वस्त पेनिसिलिन. ते चाळीस वर्षं बाजारात होतंच. कोणत्या बाळाला द्यायचं तेवढं माहीत नव्हतं. इंग्लंडनं २००० नंतर काही वर्षांत ही तपासणी सगळ्या बाळांना लागू केली आणि गरोदर मातांचीही तपासणी त्याला जोडली.

तपासणीनंच घाव घातला तेव्हा

आता नाण्याची दुसरी बाजू, आणि ती एका फौजी ठाण्यावरची आहे. १९६८-६९ च्या सुमारास अमेरिकेच्या टेक्सासमधल्या फोर्ट ब्लिस येथे प्रशिक्षणात चार कृष्णवर्णीय रंगरूट श्रमाच्या कवायतीत मरण पावले. ठाणं सुमारे चार हजार फूट उंचीवर आहे. चौघेही सिकलसेलचे वाहक होते. यातून अभ्यास व्हायला हवा होता: पाणी किती द्यावं, विश्रांती किती, उंचीवर किती दिवसांत चढवावं. त्याऐवजी अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीनं वाहकांना प्रवेशच बंद केला. निरोगी तरुणांची स्वप्नं एका तपासणीच्या चिठ्ठीवर संपली. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८१ साली ही बंदी उठली.

याच काळात अमेरिकेतल्या काही राज्यांनी शाळाप्रवेशाच्या किंवा लग्नाच्या वेळी ही तपासणी सक्तीची केली होती. त्या वयात कळून बाळ वाचवण्याची वेळ निघून गेलेली असते. हाती उरतो तो फक्त शिक्का. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं सरकारी पैसा हवा असेल तर तपासणी ऐच्छिक हवी असं ठरवलं, तेव्हा कुठे तोल सावरला.

ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाचं गाव आहे. तिथे सिकलसेलचे वाहक पुष्कळ. संशोधकांनी गावाची तपासणी केली आणि प्रत्येकाला सांगितलं की तू वाहक आहेस की नाहीस. अपेक्षा अशी की लोक विचार करून लग्नं जुळवतील. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर वाहकांकडे गाव वेगळ्या नजरेनं पाहत होतं, आणि लग्न मोडू नये म्हणून काही जणांनी आपली चिठ्ठी लपवली होती. दोन वाहकांची लग्नं जशी व्हायची तशीच होत राहिली. माहिती दिली, पण ती माहिती माणसानं घरात, बैठकीत, सोयरिकीत कशी बाळगायची, हे कोणी शिकवलं नाही.

आपल्या घरातली गोष्ट

हे ग्रीसचं झालं. आपल्याकडे काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. माझ्या कंपनीत विदर्भातला एक जवान होता. काम चोख. पण त्याच्या रजेच्या अर्जात दर वेळी एकच कारण: "साहेब, पोराचे सांधे पुन्हा धरलेत." गावाकडे त्याला वात म्हणत होते. मालिश, काढे, अंगारे, सगळं करून झालं होतं. पुढे ठाण्यावर फॅमिली क्वार्टर मिळालं, बायको दुसऱ्यांदा गरोदर राहिली, आणि रक्ततपासणीत ती वाहक निघाली. मोठ्या मुलाचं रक्त पाहिलं, तो एसएस.

गावाहून आलेल्या त्याच्या आईनं लगेच निकाल लावला, "हिच्या माहेरचंच रक्त वाईट." पलटणीच्या डॉक्टरांनी त्या जवानाचं रक्त तपासलं आणि मग आईला मुद्दाम बोलावून घेतलं. मी तिथे होतो. डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढले आणि म्हणाले, "आजी, हा आजार एका बाजूनं येतच नाही. सुनेकडून अर्धा आला, तसा तुमच्या लेकाकडून अर्धा आला. तुमचा लेक उंच डोंगरावर पहारा देतो ना? म्हणजे वाहक असणं हा काही खोटेपणा नाही." आजी बराच वेळ त्या चौकोनांकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हिला का बोल लावायचा?" एवढंच बोलून त्या उठल्या आणि सुनेसाठी चहा टाकायला गेल्या. दुसरं मूल वाहक निघालं, ठणठणीत आहे. मोठ्याचे औषधोपचार नीट सुरू झाले.

हा प्रसंग सांगायचं कारण असं. गरोदरपणातली तपासणी पहिल्यांदा बाईची होते, कारण दवाखान्यात तीच येते. त्यामुळे दोष पहिल्यांदा तिच्याच नावावर चढतो. विज्ञान म्हणतं अर्धा अर्धा, घर म्हणतं पूर्ण तिचा. म्हणून नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात तपासणं ही वैद्यकीय गरज तर आहेच, ती न्यायाचीही गोष्ट आहे.

तो जवान वाहक असून डोंगरावर होता, याबद्दलही दोन शब्द. वाहक सैनिकाला फार उंचीवर प्लीहेत तीव्र कळ येऊन गंभीर इजा झाल्याच्या नोंदी लष्करी वैद्यकात आहेत. त्यामुळे उंचीवर जाताना शरीराला सवय करायचे टप्पे पाळणं, भरपूर पाणी पिणं आणि डाव्या बरगडीखाली दुखलं तर लपवू नये, हे वाहकाला सांगितलंच पाहिजे. माहितीचा हा योग्य उपयोग. दार बंद करणं हा नव्हे.

भारत हलला, पण केव्हा?

आपल्याकडे कामाला सुरुवात झाली ती राज्यांतून. गुजरातनं २००६ साली सिकलसेल नियंत्रणाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यामागे वलसाडच्या रक्तपेढीतून आदिवासी भागात वर्षानुवर्षं काम केलेले डॉ. यझदी इटालिया होते. त्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. छत्तीसगड, ओडिशा, महाराष्ट्र, मध्य प्रदेश इथेही कामं उभी राहिली. नागपूर आणि रायपूरच्या डॉक्टरांनी नवजात बाळांच्या तपासणीचे अभ्यास केले आणि आपल्याकडचा सिकलसेल नेहमीच सौम्य असतो, हा गोड समज तपासून पाहायला भाग पाडलं. २०१३ साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत घेतलं. आणि १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तीन वर्षांत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पूर्वी या आजाराचा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून शेवट, असं तिचं उद्दिष्ट.

७ कोटी हा आकडा मोठा आहे आणि त्याचं कौतुक व्हायला हवं. पण इतिहास वाचल्यावर मला दोन प्रश्न पडतात. तपासलेल्यांत आजच जन्मलेली बाळं किती? आणि एसएस निघालेल्या प्रत्येक बाळाच्या घरी पेनिसिलिनची बाटली पोचली का? चाळीस वर्षांच्या माणसाला कळणं चांगलंच. पण सगळ्यात जास्त जीव वाचतो तो पहिल्या काही महिन्यांत. निर्मूलन हा शब्दही नीट समजून घ्यावा. निर्मूलन आजारामुळे होणाऱ्या दुःखाचं आणि अकाली मृत्यूंचं. माणसांचं नव्हे, जमातीचं नव्हे.

तुमच्यासाठी

तुम्ही हे इंदूरला, बडोद्याला, हैदराबादला, दिल्लीला किंवा बेंगळुरूला वाचत असाल. हा काही आदिवासी पाड्यापुरता आजार आहे असं समजू नका. मध्य भारतात तो इतर अनेक समाजांतही आहे, आणि कामासाठी माणसं आता देशभर गेली आहेत. मोठ्या शहरातल्या डॉक्टरच्या मनात सिकलसेल चटकन येत नाही, म्हणून आपण विचारावं. ब्रीफिंगसारखं थोडक्यात सांगतो.

एक. घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्याच भेटीत विचारा: सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी झाली का? पहिल्या तीन महिन्यांत हे व्हावं, कारण पुढच्या निर्णयांना वेळ लागतो.

दोन. बाई वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी लगेच. तो वाहक नसेल आणि त्याच्या रक्तात थॅलेसेमियासारखा दुसरा दोषही नसेल, तर बाळाला हा आजार होण्याची भीती नाही.

तीन. दोघंही वाहक असतील तर घाबरू नका, समुपदेशन घ्या. साधारण दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. १९९४ च्या ज्या कायद्यानं गर्भलिंगनिदानावर बंदी आणली, त्याच कायद्यानं हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला नोंदणीकृत केंद्रांत परवानगी दिली आहे. ही तपासणी करायची की नाही आणि पुढे काय करायचं, हे त्या जोडप्यानं ठरवायचं. सासूनं नाही, गावानं नाही, सरकारनंही नाही.

चार. बाळ जन्मल्यावर टाचेतल्या रक्ताची तपासणी. मोठ्यांसाठी वापरतात ती सोल्युबिलिटी टेस्ट नवजात बाळाला चालत नाही, कारण मघाशी सांगितलेलं पोटातलं हिमोग्लोबिन निकाल झाकून टाकतं. बाळासाठी एचपीएलसीसारखी तपासणी लागते. "टेस्ट झाली" एवढ्यावर समाधान मानू नका, कोणती झाली ते विचारा.

पाच. बाळ एसएस निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं दोन-तीन महिन्यांचं असल्यापासून पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन, सगळ्या लसी वेळेवर, न्यूमोकोकलची लस नक्की, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, आणि आईला, बापाला, आजीला पाणथरी चाचपायचं शिक्षण. पुढे हायड्रॉक्सियुरिया हे औषध कळांचे झटके कमी करतं. ही मुलं शिकतात, नोकऱ्या करतात, संसार करतात.

सहा, आणि हे सगळ्यांसाठी. कोणाची चिठ्ठी हाती लागली तर ती चावडीवर नेऊ नका.

१९५२ साली निलगिरीत काचेच्या पट्टीवर जे दिसलं, ते चूक नव्हतं, अपुरंही नव्हतं. ती बातमी पक्की होती. पुढची तुकडी हलायला ७१ वर्षं लागली, आणि त्या वर्षांत किती पाळणे रिकामे झाले याची कुठेही मोजदाद नाही, कारण निदानच झालं नाही. आज कागद आहे, औषध आहे, लस आहे, आशाताई आहे, मोहीम आहे. आता उशीर झाला तर तो माहितीअभावी झाला असं म्हणायची सोय आपल्याला उरलेली नाही.

या भागावर तुमच्या घरात, विशेषतः नव्यानं लग्न झालेल्या मुलामुलींशी, जरूर बोला. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या.

जय हिंद.